एप्रिल १९८८: गोसीखुर्दची कोनशिला आणि दिल्लीतला अहवाल

२२ एप्रिल १९८८, शुक्रवार. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी गोसीखुर्दला पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते धरणाचे भूमिपूजन झाले. प्रकल्पाला इंदिरा सागर हे नाव मिळाले. कागदावरचा मूळ खर्च ३७२.२२ कोटी रुपये आणि भिजवायची जमीन २ लाख ५० हजार ८०० हेक्टर.

चार दिवसांनी, मंगळवार २६ एप्रिलला, बोफोर्स तोफांच्या खरेदीची चौकशी करणाऱ्या संयुक्त संसदीय समितीने आपला अहवाल दिला.

या दोन तारखांत कार्यकारणभाव शोधू नये. त्या शेजारी आल्या, इतकेच. पण दोन्ही कागदांजवळ उभा असलेला एक माणूस मात्र आहे. समितीचे अध्यक्ष बी. शंकरानंद हे बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीचे खासदार, म्हणजे सीमाभागातले. १९८५ मध्ये केंद्रात जलसंसाधन हे स्वतंत्र खाते झाले तेव्हा ते त्याचे मंत्री होते. पाण्याच्या खात्यातून ते तोफांच्या चौकशीवर आले आणि अहवालानंतर दोन महिन्यांनी, जून १९८८ मध्ये, देशाचे कायदामंत्री झाले. विरोधकांनी यातून काय अर्थ काढला असेल तो वाचकाच्या लक्षात येईलच. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र तारखा देऊन थांबावे.

आता कागदांचा क्रम. २४ मार्च १९८६ रोजी भारत सरकार आणि स्वीडनची ए. बी. बोफोर्स कंपनी यांच्यात १५५ मिलिमीटरच्या तोफांचा करार झाला. तोफा ४१०, किंमत सुमारे १,४३७ कोटी रुपये. १६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली. जूनमध्ये स्वीडनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. भारतीय कंत्राटाच्या संदर्भात पैसे दिले गेले, हे त्याने मान्य केले. कोणाला, तो भाग झाकून ठेवला. ६ ऑगस्ट १९८७ रोजी संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांनी लोकसभेत समितीचा प्रस्ताव मांडला आणि आठवडाभरात राज्यसभेने त्याला संमती दिली. प्रमुख विरोधी पक्षांनी समितीवर बहिष्कार घातला. पन्नास बैठका झाल्या. निष्कर्ष असा की, या व्यवहारात मध्यस्थ असल्याचा पुरावा नाही आणि लाच दिल्याचाही नाही. बोफोर्सने तीन कंपन्यांना दिलेले सुमारे ३१.९ कोटी क्रोनर हा जुने दलालीचे करार गुंडाळण्याचा खर्च होता, हे कंपनीचे म्हणणे समितीने मानले. अण्णाद्रमुकचे अलाडी अरुणा यांनी तेवढी भिन्नमतपत्रिका जोडली.

अहवाल वाचताना एक गोष्ट खटकते, आणि ती लाचेविषयीची नाही. समितीसमोर बोफोर्सचे अधिकारी आले ते आपल्या मर्जीने. परदेशी कंपनीला समन्स काढून बोलावण्याची आपल्या संसदेची ताकद नाही. विकणाऱ्याचे दप्तर स्वीडनमध्ये होते आणि ते उघडायचे की नाही हे स्वीडनच ठरवणार होता. खरेदीदाराची संसद पन्नास बैठका घेऊनही त्या दप्तराच्या बाहेरच राहिली. पुढच्या वर्षी, जुलै १९८९ मध्ये, महालेखापरीक्षकांचा म्हणजे कॅगचा अहवाल आला. त्याने तोफेच्या निवडप्रक्रियेतल्या त्रुटी दाखवल्या. त्याच महिन्यात विरोधी खासदारांनी लोकसभेचे सामूहिक राजीनामे दिले आणि वर्षअखेरीच्या निवडणुकीत सरकार गेले. संसदेच्या समितीला जे साधले नाही ते लेखापरीक्षकाच्या कोरड्या परिच्छेदांनी केले, असे माझे मत आहे.

विकणाऱ्याच्या दप्तराकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. स्वीडनच्या कायद्यात शस्त्रनिर्यात मुळातच बंद आहे. सरकार परवाना देईल तेवढीच खुली. भारत हा त्यांचा मित्रदेश. स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे आणि राजीव गांधी दोघेही सहा देशांच्या निःशस्त्रीकरण मोहिमेत एकत्र होते, म्हणून परवान्याची अडचण आली नाही. पण याच बोफोर्सची दुसरी एक फाईल त्या काळात स्टॉकहोममध्ये उघडली होती. कंपनीची ‘रोबोट ७०’ ही विमानविरोधी क्षेपणास्त्रे दुबई आणि बहरीनला गेली होती, आणि या देशांना विकायला स्वीडनची परवानगी नव्हती. कागदावर खरेदीदार होता सिंगापूर.

हे सगळे ज्या एका कागदावर चालले त्याला व्यवहारात ‘एंड यूजर सर्टिफिकेट’ म्हणतात. साधारण एका पानाचा मामला. माल घेणारे सरकार लिहून देते की हा माल आमच्याच वापरासाठी आहे आणि तुमच्या परवानगीशिवाय आम्ही तो पुढे कोणाला देणार नाही. खाली सही, शिक्का. शस्त्रव्यापारावरचा जगभरचा सगळा पहारा शेवटी या सहीवर येऊन टेकतो. सही खोटी किंवा कामापुरती असली, तर कायदा कितीही कडक असो, जहाज निघून जाते. स्वीडनच्या शांतता संघटनेने कंपनीतल्याच एका अभियंत्याने दिलेल्या माहितीवर १९८४ मध्ये तक्रार केली. निर्यातीवर देखरेख ठेवणारे युद्धसामग्री निरीक्षक कार्ल-फ्रेडरिक अल्गरनॉन १५ जानेवारी १९८७ रोजी स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेखाली सापडून मरण पावले. १९८९ मध्ये बोफोर्सचे माजी प्रमुख मार्टिन आर्डबो या तस्करीत दोषी ठरले. भारताशी करार झाला तेव्हा कंपनीच्या प्रमुखपदी हेच आर्डबो होते.

स्वीडनच्या संसदेने याच काळात एक सवय अंगी लावून घेतली. १९८५ पासून सरकार दरवर्षी शस्त्रनिर्यातीचा अहवाल संसदेला देते: कोणत्या देशाला, कितीची. पुढे निर्यात-नियंत्रण परिषदेत संसदेतल्या पक्षांचे प्रतिनिधी बसू लागले, आणि अवघड प्रकरणे परवाना देण्याआधीच त्यांच्यासमोर येतात. अमेरिकेत १९७६ च्या शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्याने ठरावीक रकमेवरची प्रत्येक विक्री आधी काँग्रेसला कळवावी लागते. साधारण देशांसाठी तीस दिवस; नाटो देश, इस्रायल, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, न्यूझीलंड यांच्यासाठी पंधरा. मित्र जितका जवळचा तितकी मुदत कमी. काँग्रेस विक्री अडवू शकते, पण अध्यक्षांचा नकाराधिकार मोडून तिने अशी विक्री अजून एकदाही अडवलेली नाही. तेव्हा या पद्धतीचे फार कौतुक करायला नको. तरी तिचा एक उपयोग आपल्यालाही होतो. १ फेब्रुवारी २०२४ रोजी भारताला ३१ एमक्यू-९बी ड्रोन ३.९९ अब्ज डॉलरना विकण्याचा प्रस्ताव काँग्रेसला कळवला गेला. सोबत जोडलेल्या क्षेपणास्त्रांचे आणि सुट्या भागांचे तपशीलही होते. आपल्या खरेदीची सविस्तर यादी आपल्याला वॉशिंग्टनच्या कागदात वाचायला मिळते.

इथून पुन्हा भंडारा जिल्ह्यात यायचे, कारण आता आपणही विकणारे झालो आहोत. भंडारा शहराजवळ जवाहरनगरला साठच्या दशकात उभारलेली आयुध निर्माणी आहे. जिल्ह्यात तिला नुसते ‘फॅक्टरी’ म्हणतात. पोरगा फॅक्टरीत लागला, म्हणजे घराचे भले झाले. तोफगोळ्यांना आणि काडतुसांना लागणारे प्रोपेलंट आणि स्फोटके इथे बनतात. २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी इथल्या एका विभागात स्फोट होऊन छत कोसळले आणि आठ जण दगावले.

१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत ही निर्माणी थेट सरकारी खात्याचा भाग होती. आयुध निर्माण्यांचा खर्च संरक्षण खात्याच्या मागण्यांत दिसे, कॅग तो तपासे आणि लोकलेखा समिती त्यावर प्रश्न विचारी. त्या दिवशी देशातल्या ४१ निर्माण्या सात कंपन्यांत वाटल्या गेल्या. दारूगोळा बनवणाऱ्या बारा ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या कंपनीकडे आल्या. मुख्यालय पुण्यात. भंडारा त्यांपैकी एक. कंपनीच्या हिशेबावर कॅगची नजर आजही आहे. निर्यातीच्या परवान्यावर संसदेची नजर आहे का, हा प्रश्न वेगळा आहे.

कायदा असा आहे. १९९२ चा विदेश व्यापार (विकास व विनियमन) कायदा, त्यात २०१० मध्ये घातलेले नियंत्रित मालाचे प्रकरण, आणि ‘स्कोमेट’ नावाची यादी. या यादीतले सहावे सदर युद्धसामग्रीचे. ते २०१७ मध्ये भरले गेले. परवाना संरक्षण उत्पादन विभाग देतो, एंड यूजर सर्टिफिकेट पाहतो, परराष्ट्र खात्याचे मत घेतो. कायद्याच्या कलम १९ प्रमाणे नियम आणि आदेश संसदेच्या पटलावर ठेवावे लागतात. म्हणजे यादी संसदेसमोर येते. एकेक परवाना येत नाही, विक्रीच्या आधी नाही आणि नंतरही नाही. खासदाराने प्रश्न विचारला तर एकूण रक्कम मिळते: २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी, २०२३-२४ मध्ये २१,०८३ कोटी, २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी. कोणता माल कोणत्या देशाला, हे सामरिक संवेदनशीलतेच्या कारणाने सांगता येत नाही, असे उत्तर संरक्षण खात्याने संसदेत दिलेले आहे.

२०२४ मध्ये हा प्रश्न संसदेऐवजी सर्वोच्च न्यायालयात गेला. अशोक कुमार शर्मा आणि इतरांची याचिका होती की गाझामधले युद्ध चालू असताना इस्रायलला शस्त्रे पाठवण्याचे भारतीय कंपन्यांचे परवाने रद्द करावेत. ज्यांची नावे घेतली त्यांत म्युनिशन्स इंडिया ही सरकारी कंपनी होती. ९ सप्टेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांच्या पीठाने ती फेटाळली. परराष्ट्र व्यवहार हे सरकारचे क्षेत्र आहे, न्यायालय त्यात शिरणार नाही; निर्यात थांबवली तर कंपन्यांवर करारभंगाचा बोजा येईल. कायद्याच्या दृष्टीने आदेश समजण्यासारखा आहे. पण त्याचा अर्थ नीट लावला, तर न्यायालयाने हात आखडता घेतला आणि संसदेच्या हातात मुळात काही नव्हतेच. उरला तो परवाना देणारा विभाग, आणि निर्यात वाढवण्याचे उद्दिष्टही त्याच विभागाकडे आहे.

शेजारीच गोसीखुर्द आहे, म्हणून तुलना टाळता येत नाही. या धरणाचा कारभार काही आदर्श नव्हे. ३७२.२२ कोटींचा खर्च २०१६ च्या सुधारित मान्यतेत १८,४९४.५७ कोटींवर गेला. गावे उठली, कालवे फुटके निघाले, कंत्राटांवर गुन्हे दाखल झाले. पण हे सगळे आपण आज आकड्यांनिशी लिहू शकतो. प्रत्येक वाढीमागे शासननिर्णय आहे, विधिमंडळातली प्रश्नोत्तरे आहेत, कॅगचे परिच्छेद आहेत, वडनेरे, मेंढेगिरी आणि चितळे यांच्या समित्यांचे अहवाल आहेत. गैरकारभार झाला, तसा कागदही झाला. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या निर्यातीवर उद्या कोणी असा इतिहास लिहायला बसला, तर त्याच्या हाती एक वार्षिक बेरीज आणि न्यायालयाचा एक आदेश एवढेच साहित्य असेल.

यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायचे कारण नाही. भंडारा-गोंदियाच्या खासदारांनी लोकसभेत एक प्रश्न विचारावा: ‘१ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडला निर्यातीचे एकूण किती परवाने मिळाले, किती नाकारले गेले, आणि दिलेल्या परवान्यांपैकी किती प्रकरणांत एंड यूजर सर्टिफिकेटची माल पोहोचल्यावर पडताळणी झाली?’ यात देशाचे नाव मागितलेले नाही आणि मालाचेही नाही, तेव्हा गुपिताची सबब लागू पडत नाही. उत्तर तीन आकड्यांत मावते.