गोल्फ: पुळणीवरचा खेळ आणि क्लबाचे फाटक

गोल्फ हा साहेबाचा खेळ, अशी आपली ठाम समजूत आहे. रत्नागिरीत तर तो खेळायचा कुठे? आपल्या सड्यावर जांभ्याचा कातळ. त्यावर टोलवलेला चेंडू हाती लागला तर नशीब. तरी या व्यासपीठावर आम्ही त्याचा इतिहास मांडतो, याचे कारण हा खेळ वाढला तो भाट्याच्या पुळणीसारख्या जागी.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज हे गाव आहे. समुद्र आणि शेते यांच्या मधली वाळूची, खुरट्या गवताची पट्टी नांगराला निरुपयोगी, म्हणून ती साऱ्या गावाची. तेथे गुरे चरत आणि लोक काठीने चेंडू टोलवीत. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने, धनुर्विद्येचा सराव बुडतो म्हणून, गोल्फवर बंदी घातली. ती कोणी फारशी मानली नाही. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन याने त्या पट्टीवर ससे पाळण्याची मुभा मिळवली, पण सनदेत गावकऱ्यांचा खेळण्याचा हक्क कायम राहिला.

पुढे हेच ससे गावाला भोवले. १७९७ साली कर्जबाजारी नगरपालिकेने ती जमीन हातची घालवली आणि ती सशांच्या व्यापाऱ्यांकडे गेली. सशांनी मैदान पोखरले. पुष्कळ वर्षे कज्जे चालले. १८२१ साली चीप नावाच्या जमीनदाराने ती जागा घेऊन खेळ वाचवला, आणि १८९४ साली कायद्याने ती पुन्हा गावाची झाली. जगभरचे श्रीमंत तेथे खेळावयास येतात. पण रविवारी जुन्या मैदानावर एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी मुलाबाळांसह, कुत्री घेऊन तेथे फिरतात. नगरपालिकेने एकदा घालवलेली जागा परत मिळवायला शंभर वर्षे जवळजवळ लागली, हे आपल्या गावांनीही ध्यानी घ्यावे.

चेंडूचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. आधी तो चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून करीत. कुशल कारागिराच्या हातून दिवसाला तीनचार होत, म्हणून तो महाग. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून, गटापर्चापासून, चेंडू होऊ लागले आणि सामान्य माणसाला ते परवडू लागले.

आपल्याकडे मात्र खेळ आला तो फाटकासह. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना; मुंबईत १८४२ साली क्लब निघाला. हिंदी माणसाचा प्रवेश बहुधा खांद्यावर साहेबाची पिशवी घेऊन, कॅडी म्हणून. पण पाहून शिकायला बंदी कोण करणार? कलकत्त्याच्या त्याच क्लबात हिरवळ राखणाऱ्याचा मुलगा शिवशंकरप्रसाद चौरसिया २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षे इंडियन ओपनचा विजेता झाला.

आता खारघरला सिडकोचे मैदान आहे. तेथे क्लबाचे सभासदत्व लागत नाही, शुल्क भरले की खेळता येते. पण आम्हांस अधिक मोलाची वाटते ती चेंबूरची गल्ली. तेथील जुन्या क्लबात पिशव्या वाहणाऱ्या पोरांनी शेजारच्या झोपडपट्टीत आपलाच गोल्फ मांडला. लोखंडी सळई वाकवून काठी केली, प्लॅस्टिकचा चेंडू घेतला, आणि चेंडू कोणाच्या पत्र्यावर, कोणाच्या दारात पडला तर तेथूनच पुढचा टोला. विटीदांडू खेळलेल्या आमच्या पिढीला हे नियम समजावून सांगावे लागणार नाहीत.