पुळ्या मोजल्या, रक्त तपासायचं राहिलं

माझ्या प्रबंधाचा विषय ऐकला की मित्र विचारतात, "बाळाच्या अंगावरच्या पुळ्यांचा कसला आलाय इतिहास?" म्हणून आज त्यातली एकच गोष्ट सांगतो.

१९५० च्या दशकात अनेक देशांतल्या प्रसूतिगृहांत पेनिसिलीनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू पसरला. नवजात बाळांच्या अंगावर पूने भरलेल्या पुळ्या यायच्या, नाळ चिघळायची. जंतू रक्तात शिरला तर जीवही जायचा. औषध चालेना, तेव्हा डॉक्टर प्रतिबंधाकडे वळले. हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक ३ टक्के असलेल्या द्रावणाने बाळांना रोज अंघोळ घालायची! गुण आला. त्वचेवरचे जंतू घटले, पुळ्या कमी झाल्या. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कित्येक रुग्णालयांत ही अंघोळ नेहमीचीच झाली.

आता इथे जरा थांबा. मोजलं काय होतं? जंतू आणि पुळ्या. औषध त्वचेतून आत किती जातं, हा प्रश्न मागेच राहिला. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठं असतं. १९७१ मध्ये अशा बाळांच्या रक्तातच हेक्झाक्लोरोफीन सापडलं. प्रयोगातल्या उंदरांच्या आणि माकडांच्या मेंदूत इजा दिसली. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने रोजची अंघोळ थांबवायला सांगितलं. पुढच्या काही आठवड्यांतच काही रुग्णालयांत संसर्ग पुन्हा वाढला! म्हणजे दोन्ही बाजूंचे डॉक्टर खोटं बोलत नव्हते. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते.

१९७२ मध्ये फ्रान्समध्ये एका टाल्कम पावडरीत चुकून ६ टक्क्यांहून जास्त हेक्झाक्लोरोफीन मिसळलं गेलं. ३६ मुलं दगावली. त्याच सप्टेंबरमध्ये अमेरिकेत त्याच्या खुल्या विक्रीवर बंधन आलं.

पण पावडरीचा अपघात आणि ३ टक्क्यांची अंघोळ हे दोन पुरावे एकत्र कालवू नका. मात्रा वेगळी, वापर वेगळा. अंघोळीचा धोका नेमका कुणाला, हे १९७४ नंतरच्या शवविच्छेदनांच्या अभ्यासातून जास्त स्पष्ट झालं: वेळेआधी जन्मलेल्या, अगदी कमी वजनाच्या, वारंवार अंघोळ घातलेल्या बाळांना.

तेव्हा संशोधनाचा आराखडा लिहायला बसाल, तेव्हा "उपाय चालतो का?" या प्रश्नाखाली आणखी दोन प्रश्न लिहा. कुणावर? आणि आपण काय मोजलेलं नाही?