भोगवर्धनचे दान आणि संशोधनाची शिष्यवृत्ती

सांचीच्या स्तूपावरील ब्राह्मी दानलेखांत दात्यांच्या नावांबरोबर त्यांच्या गावांचीही नोंद आढळते. त्यांपैकी ‘भोगवढन’ म्हणजे भोगवर्धन हे जालना जिल्ह्यातील आजचे भोकरदन होय, असे अभ्यासक मानतात. केळणा नदीच्या काठावरील या नगरातील दात्यांनी शेकडो कोस दूर असलेल्या स्तूपाला दान दिले. दान कोणाचे आणि दाता कोठला, एवढीच नोंद त्या लेखांत आहे. तरीही दोन हजार वर्षांनंतर आपल्या भूमीचा बौद्ध इतिहास आपण त्यांतूनच वाचतो.

भोकरदनचे उत्खनन १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केले. तेथे सापडलेल्या भग्न हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे. पाँपेई नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणून ती मूर्ती त्यापूर्वीची, हे निश्चित. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. या दोन मूर्तींचा एकत्र अभ्यास करावयाचा, तर संशोधकाला भोकरदन जसे पाहावे लागेल तसेच नेपल्सही पाहावे लागेल. येथे विद्यावेतनाचा प्रश्न उपस्थित होतो.

विद्यावेतनाने काय घडते, याचे थोर उदाहरण आपल्यासमोर आहे. १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. तथापि इतिहास, समाजशास्त्र व मानववंशशास्त्र यांचेही अध्ययन त्यांनी केले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. परदेशी विद्यापीठात, शिष्यवृत्तीच्या बळावर, स्वतःच्या समाजाच्या इतिहासाचे केलेले ते संशोधन होते.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न सरकारपुढे मांडला. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५० मध्ये औरंगाबादेत स्थापन झालेल्या मिलिंद महाविद्यालयामुळे मराठवाड्यातील दलित विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाचे दार जवळ आले. मात्र १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर एक विपरीत स्थिती निर्माण झाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार बौद्ध झालेली व्यक्ती केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बसत नव्हती. महाराष्ट्राने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती होण्यास १९९० हे वर्ष उजाडावे लागले. धम्म स्वीकारल्याची किंमत दोन पिढ्यांनी अशी मोजली.

त्यानंतर मार्ग काहीसा रुंदावला. २००५-०६ पासून अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू झाली. तीत विज्ञानाबरोबर मानव्यविद्यांनाही स्थान होते. पुण्याच्या ‘बार्टी’नेही संशोधकांसाठी अधिछात्रवृत्ती दिली. अशा आधारामुळे भोकरदन, परतूर वा अंबड येथील विद्यार्थ्याला पालीसारखा विषय घेऊन पीएच. डी. करण्याचा विचार तरी करता येतो.

परंतु परदेशी अध्ययनासाठी १९५४-५५ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या २०२२-२३ च्या नियमावलीत, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अध्ययन हे विषय वगळण्यात आले. अशा विषयांसाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही, हा त्यामागील विचार. हा निकष १९१६ साली लावला असता, तर जातिसंस्थेवरील त्या निबंधाला विद्यावेतनाच्या आधाराने जागा मिळाली नसती. भोकरदनची मूर्ती नेपल्सच्या मूर्तीशेजारी ठेवून अभ्यासू इच्छिणारा जालन्याचा विद्यार्थीही या नियमाने बाहेरच राहतो.

आपल्या घरांत मुलाने अभियंता व्हावे, मुलीने डॉक्टर व्हावे, ही आकांक्षा स्वाभाविक आहे. दारिद्र्याने ती शिकवली आहे. तरीही आपला इतिहास कोणीतरी मूळ भाषेत, मूळ लेखांतून वाचलाच पाहिजे. शासनाकडे नियमबदलाची मागणी करावीच. त्याचबरोबर आपल्या विहारांनी व संस्थांनी एका संशोधकाच्या पाच वर्षांच्या निर्वाहाचा भार उचलण्याचा विचार करावा. भोगवर्धनच्या दात्यांनी स्तूपासाठी जे केले, ते आज विद्येसाठी करणे आपल्या शक्तीबाहेरचे नाही.