दावणीचे भांडवल



ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्याच सालच्या मे महिन्यात, भीमथडी तालुक्यातील सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. या दंग्याचा इतिहास आपण रोखे आणि जमीन यांच्या अंगाने वाचतो. मला आज त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात डोकवायचे आहे. कारण जमीन त्याच्या नावावर असली, तरी ती कसण्याचे बळ दावणीला बांधलेले होते.

दख्खनच्या काळ्या रानात लाकडी नांगराला चार-चार, काही ठिकाणी आठ-आठ बैल लागत. इतके बैल गरिबाच्या घरी कोठून असणार? म्हणून पैरा होता : आज माझी जोडी तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या रानात. विहिरीवरची मोट, खळ्यावरची मळणी, बाजारची गाडी, सारे त्याच जोडीवर. तिचे शेण रानाला खत आणि चुलीला गोवरी. ज्याची जोडी मोडली, तो पैऱ्यातून उठला. आणि जो पैऱ्यातून उठला, तो लवकरच दुसऱ्याच्या बांधावर मजूर म्हणून उभा राहिला.

ही जोडी उभी करण्याची एक रीत होती. घरच्या गाईचे खोंड वाढवायचे, नाहीतर बाजारातून आदात म्हणजे दुधाच्या दातांचे खोंड घ्यायचे. साधारण अडीच-तीन वर्षांचे झाले की ते दोन दाती होते. मग हळूहळू जुवाला लावायचे. पाचव्या वर्षाच्या सुमारास दात जुळतात, तोवर त्याने कामही केलेले असते आणि त्याची किंमतही वाढलेली असते. गिरणीमालकाचे यंत्र पहिल्या दिवसापासून झिजते व तो घसारा मांडतो. या शेतकऱ्याचे हत्यार मात्र काम करता करता महाग होत असे. भरात आलेला बैल विकायचा, कोवळा घ्यायचा आणि मधल्या पैशांत लग्न किंवा देणे भागवायचे, ही त्याची बँक होती. ज्याला गाय घेण्याची ऐपत नसे, तो दुसऱ्याची कालवड अर्धलीने सांभाळी. आणि या बँकेचा रोजचा कारभार, म्हणजे वैरण, पाणी, शेण, धार, बहुतांशी घरच्या बायकांच्या हाती असे. सौद्याच्या दिवशी मात्र बाजारात पुरुषच दिसत.

माणदेशाने तर याचा व्यवसायच केला. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप. त्यावरूनच खिल्लारी हा शब्द आला. आटपाडी, म्हसवडच्या कोरड्या माळावर पीक बेभरवशाचे. पण तिथला चपळ, काटक बैल दूरदूरच्या शेतकऱ्यांना हवा असे. खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा, पंढरपूरची कार्तिकी, हे त्याचे बाजार. तिथे हेडी येतो, दात पाहतो, चालवून पाहतो, खोड विचारतो. मग रुमालाखाली हातात हात जातो आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरतो. शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही. हेडी दिवसाला अनेक हात दाबतो, शेतकरी दोन-चार वर्षांतून एकदा. त्या रुमालाखाली दोघांचे बळ सारखे नसते.

आता खरा प्रश्न. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात काय झाले? पाऊस गेला की कडब्याचा भाव चढतो, आणि वैरण नसलेले सगळेच एकाच वेळी गुरे विकायला काढतात, म्हणून गुरांचा भाव कोसळतो. पुढे पाऊस पडतो, सगळ्यांना एकाच वेळी जोडी हवी असते, आणि भाव गगनाला भिडतो. शेतकरी मातीमोलाने विकतो व सोन्याच्या मोलाने घेतो. मधला फरक सावकाराच्या वहीत चढतो. त्यातच १८७१ च्या कायद्याने कोंडवाड्याचा दंड आणि १८७८ च्या जंगल कायद्याने चराईची अडचण वाढली. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकऱ्याच्या या कोंडीवर बोट ठेवले आहे.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. १८८४ च्या कायद्याने बी-बियाणे व बैलांसाठी तगाई देण्याची सोय झाली. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची पोटापुरती गुरे व औते जप्तीतून वगळते. कामगार व शेतकरी एकाच कलमात शेजारी बसले, याचे मला कौतुक वाटते. पण बेलिफाला दारात अडवणारे हे कलम दुष्काळाला अडवीत नाही. शेतकरी आपण होऊनच कासरा हातात धरून बाजाराला जातो.

मुंबईच्या गिरणी कामगाराला हे वेगळे सांगावे लागले नाही. त्याच्या मनीऑर्डरीवर गावचा गोठा तगत असे, आणि १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला तेव्हा कित्येकांना गावच्या घराचाच आधार झाला. उलट १९७२ च्या दुष्काळात गावचा आधार तुटला आणि माणसे खडी फोडायला गेली.

आज नांगरटीला ट्रॅक्टर आला, दारात संकरित गाय आली, दुधाचा भाव फॅटवर ठरू लागला. २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने महाराष्ट्रात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली. तिच्या हेतूविषयी मतभेद असोत. पण थकलेला बैल देऊन वर पैसे घालून कोवळा घेण्याचा जुना हिशेब तिने अवघड केला, हे नाकारून चालणार नाही. आणि दुष्काळाची ती कात्री अजून तशीच आहे. २०१२-१३ मध्ये चारा छावण्या उघडल्या, त्यांचे खरे मोल येथेच आहे : छावणीने नुसते जनावर वाचत नाही, पडत्या भावात विकण्याची सक्ती टळते.

आम्ही युनियनमध्ये एक गोष्ट शिकतो. चूल विझलेल्या माणसाने केलेला करार मोकळा करार नसतो. म्हणून संपाआधी निधी जमवावा लागतो. शेतकऱ्याचा निधी म्हणजे वेळेवर मिळालेली पेंढीभर वैरण. ती दावणीपर्यंत पोहोचली, तर रुमालाखालच्या हातात थोडे बळ येईल.