शंभर दगड, सत्त्याण्णव किलोमीटर

परवा ऑफिसात एक बग निस्तरता निस्तरता रात्रीचे अकरा वाजले. कारण काय निघालं? चार वर्षांपूर्वी कुणीतरी कोडमध्ये एक आकडा हार्डकोड करून ठेवला होता. तेव्हा तो बरोबर होता. पुढे बाहेरची परिस्थिती बदलली, आकडा तिथेच राहिला. स्क्रीनवर मात्र सगळं हिरवंगार! घरी येताना मला माझ्या मामांची आठवण झाली.

मामा ट्रक ड्रायव्हर. आमचा जिल्हा नगर (२०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडातून अजून नगरच येतं). हिवाळ्यात ऊस, एरवी कांदा. १९९४ साली त्यांच्या मालकाने त्यांच्यावर डिझेल विकल्याचा आळ घेतला. पुरावा? ट्रकचा मीटर! आदल्या महिन्यापर्यंत लिटरला चार किलोमीटर जाणारी गाडी अचानक कमी अ‍ॅव्हरेज द्यायला लागली होती. चार महिने मामांचा पगार कापला गेला.

या मीटरचा इतिहास मोठा मजेशीर आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन माणसाने अंतर मोजणाऱ्या गाडीचं वर्णन लिहून ठेवलंय. चाक एक फेरी फिरलं की गाडी साडेबारा रोमन फूट पुढे जाणार. अशा ४०० फेऱ्या झाल्या की ५,००० फूट, म्हणजे एक रोमन मैल. मग दातेरी चाकांच्या करामतीने एक खडा खालच्या भांड्यात टपकन पडणार. संध्याकाळी खडे मोजा, प्रवास किती झाला ते कळलं. काय डोकं आहे ना!

पण नीट बघा. ही गाडी अंतर मोजतच नाही, ती फेऱ्या मोजते. "एक फेरी म्हणजे साडेबारा फूट" हे बनवणाऱ्याने एकदाच ठरवून टाकलंय. दोन हजार वर्षांपूर्वीचं हार्डकोडिंग!

पुढे १९०२ साली ओटो शुल्झ या जर्मन संशोधकाने वेग दाखवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. फिरणारी केबल एका चुंबकाला फिरवते, चुंबक शेजारच्या धातूच्या वाटीला ओढू पाहतो, स्प्रिंग तिला अडवते, आणि या ओढाताणीत काटा सरकतो. विसाव्या शतकातल्या बहुतेक गाड्यांचे स्पीडोमीटर याच तत्त्वावर चालले. ट्रकमध्ये ही केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून येते. किलोमीटरचे आकडेही तीच फिरवते. म्हणजे काटा असो की आकडे, दोघेही मागच्या चाकांच्या फेऱ्यांवर विसंबून. पुढचे टायर बदलले तर काही फरक नाही. मागचे बदलले, की गणित फिसकटलं.

आता नगर जिल्ह्यात मागचे टायर कोण बदलेल? तर ऊसवाले! प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पाठोपाठ जिल्ह्यात इतर कारखाने आले. हंगामात फडातून गव्हाणीपर्यंत ऊस वाहायचा म्हणजे टायर दणकट हवेत. मामांच्या ट्रकला मुळात ९००-२० चे टायर होते. हंगामाच्या तोंडावर मालकाने दुसऱ्या गाडीचे १०००-२० चे टायर डिस्कसकट मागे चढवले. यातला २० म्हणजे रिमचा व्यास इंचात, दोन्हीत तोच. आधीचा आकडा टायरच्या रुंदीचा: ९ इंच आणि १० इंच. पण टायर रुंद झाला की उंचही होतो.

चला, थोडं गणित करू. ९००-२० चा घेर साधारण ३.२ मीटर, १०००-२० चा साधारण ३.३. ट्रक १०० किलोमीटर गेला की मीटर दाखवणार ९७. महिन्याला गाडी खरंच ६,००० किलोमीटर पळाली, तर मीटरवर दिसणार ५,८२० च्या आसपास. राहिलेल्या १८० किलोमीटरचं डिझेल ४५ लिटर. ते जळलंय, पण मीटरच्या लेखी ट्रक तेवढा धावलेलाच नाही. म्हणजे ते ड्रायव्हरने विकलं!

वेगाचंही तसंच. काटा ६० वर, गाडी ६२ वर. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, थोडा जास्त दाखवला तर चालेल. मोठा टायर नेमकी ही सोय खाऊन टाकतो. वेग तीन टक्के वाढला की गाडी थांबवताना ब्रेकवरचं काम सहा टक्क्यांनी वाढतं, कारण ते वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. उसाने भरलेल्या ट्रकला हे परवडणारं नाही. उलट टायर झिजून गुळगुळीत झाला की मीटर जास्त बोलतो, म्हणजे अ‍ॅव्हरेज चांगलं दिसतं. तेव्हा मात्र कोणी ड्रायव्हरला बक्षीस देत नाही!

मामा सातवी पास. त्यांनी काय केलं? नगरहून पुण्याला जाताना "पुणे ११०" च्या दगडापाशी मीटर वहीत टिपला, "पुणे १०" च्या दगडापाशी परत टिपला. शंभर दगड, मीटरवर ९७. तीन फेऱ्यांत तीनदा तेच. वही नेऊन मालकाला दाखवली. मालक म्हणाले, "दगड सरकारी आहेत, मीटर कंपनीचा आहे. मी कुणावर विश्वास ठेवू?"

मामांनी ती गाडी सोडली. कापलेला पगार परत मिळाला नाही.

आता ट्रकमध्ये जीपीएस आलंय, त्याला चाकाशी देणंघेणं नाही. पण यंत्राचा आकडा खरा आणि माणूस खोटा, ही सवय काही गेलेली नाही. आपणही ऑफिसात डॅशबोर्ड बघूनच कुणाचं काम कमी ते ठरवतो की!

काल मामांना फोन करून घेराचं सगळं गणित उत्साहाने ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "आरं, चाक मोठं झालं की मीटर कमी बोलतो, हे मला तवाच ठावं हुतं. मालकानं एकदा खाली वाकून टायर बघायला पायजे हुता."

सोमवारी पहिलं काम, तो हार्डकोड केलेला आकडा कोडमधून बाहेर काढणार आहे.