पोटाची खिडकी

श्रोतेहो, दारूनं पोट जळतं, असं वडीलधारी माणसं सांगत आली. पण जिवंत माणसाच्या जठरात डोकावून हे कुणी पाहिलं होतं का? होय, पाहिलं होतं. तीच हकीगत आज सांगतो.

६ जून १८२२. अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर, केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात बंदुकीचा बार चुकून उडाला आणि अलेक्सिस सेंट मार्टिन या कॅनडाच्या तरुण मजुराच्या डाव्या कुशीत घुसला. जठराला भोक पडलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरांनी त्याला वाचवलं. पण जखमेचं तोंड कायमचं उघडं राहिलं. अस्तराची एक घडी त्यावर पडद्यासारखी आली. ती बोटानं आत दाबली की जठर दिसे!

१८२५ पासून डॉक्टरांनी रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे तुकडे बांधून त्या वाटेनं आत सोडले आणि पचन कसं होतं ते पाहिलं. त्यांचं पुस्तक १८३३ साली निघालं. त्यात एक नोंद फार मोलाची आहे. मार्टिन आठ-दहा दिवस दारू पीत होता. एरवी फिकट गुलाबी, मखमलीसारखं दिसणारं अस्तर लाल झालं होतं, जागोजाग फोडांसारखे चट्टे पडले होते. आणि मार्टिन? दुखत नाही, भूक चांगली आहे, असंच तो सांगत होता!

असं का व्हावं? जठरातला रस जहाल आम्ल असतो. त्यापासून बचाव म्हणून अस्तरावर बुळबुळीत थर असतो, मातीच्या भिंतीवर लिंपण असतं ना, तसा. कडक दारू हे लिंपण उखडते. मग आम्ल भिंतीत मुरतं, सूज येते, कधी रक्तही वाहतं.

बोमाँटनी आणखी एक गोष्ट टिपली. दारू सुटून हलका आहार सुरू झाल्यावर काही दिवसांतच मार्टिनचं अस्तर पुन्हा निरोगी दिसू लागलं. भिंत ढासळण्याआधी हात आवरला, तर शरीर आपलं लिंपण पुन्हा करून घेतं.

म्हणून कुणी "मला काही होत नाही" म्हणालं, तर त्याला मार्टिनची गोष्ट जरूर सांगा. आणि उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तडक दवाखाना गाठा.