पावसाचे गणित आणि शिंदखेड्याची पेरणी

धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात तापी आणि पांझरा या नद्यांचा संगम असला, तरी तेथील बरीचशी शेती आजही पावसाच्या भरवशावर आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या भागात मृगाचा पाऊस झाला की कापूस, बाजरी, मुगाच्या पेरण्या सुरू होतात. नंतर पावसाने दोन-तीन आठवडे दडी मारली, तर उगवलेले रोप करपते आणि दुबार पेरणीचे संकट उभे राहते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. मात्र तेवढा पाऊस झाल्यावर पुढचे तीन आठवडे कसे जातील, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर आज संगणकीय भौतिकशास्त्रात शोधले जात आहे.

ज्या समीकरणांची उत्तरे सूत्ररूपाने मिळत नाहीत, ती संगणकावर अंकांच्या रूपात सोडविणे, हे या शाखेचे काम. वातावरणाच्या हालचालींची समीकरणे अशाच प्रकारची आहेत. लुईस रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ती हाताने सोडवून पाहिली व १९२२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. सहा तासांत हवेच्या दाबात १४५ मिलिबारचा बदल होईल, असे त्याचे उत्तर आले. प्रत्यक्षात दाब जवळपास स्थिर होता. १९५० मध्ये अमेरिकेतील ‘एनियाक’ संगणकाने चोवीस तासांचा अंदाज काढला खरा, पण त्यासाठी त्याला जवळपास चोवीस तासच लागले.

ही पद्धत समजण्यास अवघड नाही. पृथ्वीभोवतीच्या वातावरणाचे लहान-लहान चौकटींत तुकडे करावयाचे आणि प्रत्येक चौकटीतील वारा, तापमान, दाब व बाष्प यांचे गणित थोड्या-थोड्या वेळाने पुढे न्यावयाचे. भारतात १९९० च्या दशकात वापरात असलेल्या प्रारूपाची चौकट सुमारे दीडशे किलोमीटरची होती. त्या एका चौकटीत धुळ्यासारखे तीन जिल्हे मावले असते. पुढे ती १२ किलोमीटरवर आली. सुमारे ७,२०० चौरस किलोमीटरच्या धुळे जिल्ह्याच्या वाट्याला त्यामुळे पन्नासेक चौकटी आल्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झाली, तिची चौकट सहा किलोमीटरची आहे. जिल्ह्याच्या वाट्याला आता सुमारे दोनशे चौकटी येतात.

चौकट निम्मी झाली म्हणजे काम दुप्पट झाले, असे मात्र नाही. लांबी-रुंदी मिळून चौकटी चौपट होतात. शिवाय काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते, कारण एका पावलात वारा अनेक चौकटी ओलांडू लागला तर सर्वसाधारणपणे गणित भरकटते. आकडेमोड अशी आठपट होते. म्हणूनच नव्या प्रारूपाआधी नवा संगणक हवा असतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस यासाठी अमेरिकेकडून ‘क्रे’ महासंगणक आणावा लागला होता. २०१८ मध्ये पुण्यात ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘प्रत्यूष’ आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्का’. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज गणिती क्रिया.

तरीही खरी अडचण चौकटीच्या आत आहे. पावसाळी ढग कित्येकदा एक-दोन किलोमीटर रुंदीचाच असतो. सहा किलोमीटरच्या चौकटीला तो दिसतच नाही. चौकटीतील सरासरी बाष्प व तापमान यांवरून ‘येथे ढग झाले असावेत’ असे ठरविणारी ठोकताळ्यांची सूत्रे प्रारूपात घालावी लागतात. पावसाच्या अंदाजातील बरीच चूक येथूनच शिरते. पर्जन्यछायेतील ढगांचे विमानातून निरीक्षण करण्याचा या संस्थेचा २००९ पासूनचा प्रयोग याच कारणासाठी मोलाचा आहे.

शिवाय पेरणीचा प्रश्न तीन आठवड्यांचा आहे; तो केवळ चौकट बारीक करून सुटत नाही. सुरुवातीच्या नोंदींतील बारीकशी चूक काही दिवसांतच मोठी होते, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. त्यावर तोड म्हणून किंचित वेगवेगळ्या सुरुवातींनी तेच गणित अनेकदा केले जाते आणि उत्तरे कितपत जुळतात ते पाहिले जाते. हवामान विभाग दर गुरुवारी चार आठवड्यांचा जो विस्तारित अंदाज देतो, तो याच पद्धतीचा. त्यात समुद्राचे गणितही वातावरणाला जोडलेले असते.

अलीकडची मोठी घडामोड मात्र निराळ्याच दिशेने आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेले ‘ग्राफकास्ट’ हे प्रारूप समीकरणे सोडवीतच नाही. १९७९ पासूनच्या नोंदींवरून शिकून ते दहा दिवसांचा अंदाज मिनिटभरात देते. भौतिकशास्त्राची गरज संपली, असा अर्थ काहींनी यातून काढला. तो घाईचा होता. ज्या नोंदींवर ते शिकले, त्यांची सलग जुळणी समीकरणांच्या प्रारूपानेच केलेली आहे. जुलै २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेले ‘न्यूरलजीसीएम’ अधिक समंजस म्हणावे लागेल. मोठ्या वाऱ्यांसाठी त्यात समीकरणे आहेत आणि चौकटीच्या आतील ढगांसाठी ठोकताळ्यांऐवजी शिकलेले गणित.

२०२५ च्या खरिपात त्याची कसोटी लागली. मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि तेथेच अडखळला. त्याची सीमा मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद अशी जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळली. खानदेश तिच्या उत्तरेस राहिला. मुंबईच्या बातम्या ऐकून तिफण बाहेर काढणाऱ्याची फसगत व्हावी, असाच तो काळ. ‘न्यूरलजीसीएम’, युरोपीय केंद्राचे प्रारूप आणि जुन्या पर्जन्यनोंदी यांची सांगड घालून केंद्रीय कृषी मंत्रालयाने त्या वर्षी १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोसमी पावसाच्या आगमनाचे संदेश पाठविले. हा खंड त्या अंदाजात आधीच दिसला होता.

हे अंदाज पडताळायचे तर जमिनीवरील नोंद हवी. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पांतर्गत दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसविण्यात आली. पण एका मंडळात अनेक गावे असतात, आणि केंद्र त्यांपैकी एकाच ठिकाणी. वळवाची सर त्याला चुकवून शेजारच्या शिवारात कोसळली, तर प्रारूप बरोबर असूनही नोंदीपुरते चूक ठरते.